साध्या व्हर्जिनियातलं पेरीक

त्या दिवशी दुपारी तंबाखूवाल्याला फळीवरून फक्त दोन बरण्या खाली काढायच्या होत्या. एक व्हर्जिनियाची, दुसरी पेरीकची. जहाजावरून निवृत्त झालेल्या कप्तानाला नवं मिश्रण हवं होतं आणि चव घ्यायला तो चार वाजता स्वतः येणार होता. काम म्हणाल तर रोजचंच. चाळीस वर्षं पाइपची तंबाखू मिसळण्यात घालवलेल्या माणसाला दोन बरण्या काढायला कितीसा वेळ लागतो? पण तो स्टुलावर चढून फळीला हात टेकवून तसाच उभा होता. गेल्या सहा महिन्यांत व्हर्जिनियाच्या त्या बरणीची त्याला भीती वाटायला लागली होती, आणि या वयात एका बरणीला घाबरतो असं सांगायचं तरी कोणाला?

ज्यांनी पाइप कधी हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. व्हर्जिनिया म्हणजे पिवळी पात. गरम हवेच्या खोलीत झटपट वाळवलेली, त्यामुळे पानातली साखर पानातच राहते. बरणी उघडली की वाळलेल्या गवताचा आणि मधाचा वास येतो. स्वभावाने गोड, पण घाई केलेली तिला खपत नाही. भराभर झुरके मारले की जीभ पोळलीच समजा. पेरीकचं सगळं उलटं. ती पानं लाकडी पिंपात ठासून, वरून दाब देऊन, स्वतःच्याच रसात वर्षभर आंबवतात. मधे दोन-तीनदा बाहेर काढून हवा दाखवायची आणि पुन्हा कोंबायची. शेवटी हाती येतं ते काळं आणि चिकट. त्याला वास सुकवलेल्या आलूबुखाऱ्याचा आणि शिरक्याचा, आणि धूर नाकावाटे सोडला तर कुटलेल्या मिरीचा. नुसतं पेरीक सहसा कोणी ओढत नाही, ओढलं तर डोकं गरगरतं. शंभर भागांत पाच भाग पेरीक घातलं, की व्हर्जिनियाची पोळायची खोड जाते आणि पेरीकचा राग उतरतो. तंबाखूवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा संसार आहे साहेब. कोण कोणाला सांभाळतंय ते विचारायचं नाही."

त्याच्या स्वतःच्या संसारात मात्र कोण कोणाला सांभाळतंय ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. हात त्याचे होते, नाक बायकोचं. तिने आयुष्यात एक झुरका घेतला नाही, पण तिच्या नाकाखालून गेल्याशिवाय दुकानातून एक पुडी बाहेर पडायची नाही. दुकानाच्या मागे मिश्रणाची खोली होती आणि त्या खोलीत एक लाकडी आडोसा. आडोशाच्या अलीकडे तो दोन सारखे मातीचे पाइप भरायचा, पेटवायचा, आणि पलीकडे बुटक्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या बायकोच्या पुढ्यात धरायचा. ती दोनदा छोटंसं हुंगायची आणि एकदा लांब. मग आकडा सांगायची. शंभरात चार. शंभरात सात. आकडा येईपर्यंत कोणी एक अक्षर बोलायचं नाही असा नियम होता, कारण समोरच्याच्या आवाजावरूनसुद्धा नाक फसतं म्हणे. तिचा आकडा एकाने इकडेतिकडे झाला असेल, त्यापलीकडे कधी चुकला नाही. "नाकाने कांदे सोलते ही," तो सगळ्यांना सांगायचा, आणि असं सांगताना त्याची छाती फुगलेली असायची.

चूक झाली ती याच खोलीत.

एका सकाळी त्याने गंमत म्हणून दोन्ही पाइपांत साधी व्हर्जिनिया भरली. बायकोने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि म्हणाली, "दोन्हीत आहे. शंभरात तीन."

"अगं, आज दोन्ही साधे आहेत."

"नाही हो. आलूबुखारा येतोय. मागून मिरी."

तो खूप हसला. ती हसली नाही. पुढच्या आठवड्यात तिने साध्या व्हर्जिनियाला पाच सांगितले, त्याच्या पुढच्या आठवड्यात आठ. आता या धंद्यातल्या माणसाला, नसलेला वास आला की एकच गोष्ट सुचते. बरणीला डाग लागला असेल, नाहीतर मातीच्या पाइपने जुना वास धरला असेल. त्याने चाळीस पाइप फोडून टाकले. बरण्या उकळत्या पाण्याने धुतल्या, फळ्या घासल्या, नखं कापली, व्हर्जिनियाचा नवा गठ्ठा मागवून तिच्यासमोर फोडला. दोन महिने त्याने दुकानातलं सगळं तपासलं. बायकोला सोडून.

"वास बरणीत नाहीये," ती एकदा हळूच म्हणाली होती. "माझ्याबरोबर फिरतो. अंघोळ करतानासुद्धा येतो. मधेच येतो, दोन मिनिटं थांबतो, जातो."

"मग बरंय की," तो म्हणाला होता. "सोबत झाली तुला."

ज्या दिवशी तिने बारा सांगितले त्या दिवशी त्याचा संयम सुटला. बुटकी खुर्ची उचलून त्याने माळ्यावर टाकली आणि तिला पुड्या बांधायला गल्ल्याजवळ बसवलं. गिऱ्हाइकं विचारायची, बाई आज बाहेर कशा? तो म्हणायचा, "आमच्या नाकाला पेन्शनीत काढलंय." लोक हसायचे. ती खाली मान घालून दोऱ्याला गाठ मारायची, आणि तीही थोडंसं हसायची. हे हसू आठवलं की आजही त्याला जेवण जात नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती दुकानातच कोसळली. डोक्यात गाठ होती, लिंबाएवढी. मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी कागदावर लिहितालिहिता विचारलं, "गेल्या काही महिन्यांत यांना नसलेले वास यायचे का? आंबट, जळकं, असं काही?" दोघांची एकुलती मुलगी शेजारी उभी होती. तंबाखूवाला म्हणाला, "नाही."

का म्हणाला? लाजेने म्हणाला, दुसरं काय. त्या उत्तराने उपचारात काही फरक पडणार नव्हता, तेवढा उशीर कधीच होऊन गेला होता. पण बायको चार हातांवर बेशुद्ध पडलेली असताना त्याने तिला पुन्हा एकदा खोटं पाडलं. मुलीला सगळं माहीत होतं. आईने फोनवर सांगितलं होतं तिला. जिन्यात ती त्याला एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात." अकरा दिवसांनी बायको गेली. मुलगी दोन तासांवरच्या गावात लहान मुलांना पोहायला शिकवायची, ती तिकडे निघून गेली, आणि बापलेकीचे फोन दोन-तीन वाक्यांवर आले.

आणि मग गिऱ्हाइकं पुड्या परत आणायला लागली.

पहिले आले ते शाळेतले मास्तर. "काका, मी साधी मागितली होती. यात पेरीक आहे." तंबाखूवाल्याने पुडी उघडून नाक खुपसलं. गवत आणि मध. त्याने पुडी बदलून दिली. चार दिवसांनी तीही परत आली. मग वकील आले, मग समोरच्या इमारतीतला म्हातारा आला. सगळ्यांचं म्हणणं एकच. साध्या व्हर्जिनियात मिरी लागते, आणि आंबूस काहीतरी मागे रेंगाळतं. घड्याळं दुरुस्त करणारा शेजारी तर पाइप ओढतही नव्हता. तो एक दिवस उंबऱ्यापाशी येऊन थबकला. "आज मिरी कुटताय का?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आपल्या दुकानात परत गेला. त्यानंतर तो रस्त्यापलीकडूनच हात करायचा.

तंबाखूवाल्याने पुन्हा बरण्या धुतल्या. पुन्हा नवा गठ्ठा फोडला. त्याला स्वतःला काहीच येत नव्हतं. रोज सकाळी बरणी उघडून तो हुंगायचा. रोज गवत आणि मध.

तर अशा त्या बरणीपुढे तो स्टुलावर उभा होता. शेवटी मन घट्ट करून त्याने दोन्ही बरण्या काढल्या, माळ्यावरची बुटकी खुर्ची झटकून आडोशामागे ठेवली आणि दोन पाइप भरले. एकात साधी व्हर्जिनिया, एकात शंभराला पाच.

कप्तान बरोबर चारला आला. बाहेर धुकं एवढं दाटलं होतं की रस्त्यावरचे दिवे दुपारीच लागले होते. बंदरातून एक भोंगा अधूनमधून लांब ओरडत होता. कप्तान म्हणजे सहा फुटांचा, वादळात उभा राहून जेवलेला माणूस. बुटक्या खुर्चीत तो कसाबसा मावला. तंबाखूवाल्याने साधा पाइप आधी दिला आणि आडोशाच्या अलीकडे येऊन थांबला. नियमच होता तसा.

बराच वेळ काही आवाज आला नाही. नुसतं पाइप ओढल्याचं बारीक पुटपुटणं. मग तेही थांबलं.

"हे पाचवालं का?" कप्तानाने विचारलं.

"नाही. साधं."

"साधं कसं असेल रे… वीस तरी आहे यात. नाक चुरचुरतंय."

भोंगा वाजला आणि विरला.

"माझा पाइप विझलाय," आडोशामागून कप्तान म्हणाला. त्याचा आवाज अचानक खाली आला होता. "विझून दोन मिनिटं झाली. वास वाढतोच आहे… पाइपातून येत नाहीये तो."

"मग कुठून?"

"डाव्या खांद्यापाशी. कोणीतरी मागून वाकलंय असं… अरे, तुला ऐकू येत नाहीये?"

"काय?"

"हुंगल्यासारखं. दोनदा लहान… आणि मग एक लांब."

बायको कशी हुंगायची ते तंबाखूवाल्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या खोलीत चाचणीच्या वेळी तिसरं माणूस कधी आलं नव्हतं. तो धावत आडोशापलीकडे गेला. कप्तान खुर्चीत ताठ बसला होता, पाइप गुडघ्यावर उपडा, राख पँटवर सांडलेली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तंबाखूवाल्याने खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. गवत आणि मध. कान देऊन ऐकलं. घड्याळाची टिकटिक आणि बाहेरचा भोंगा.

"वहिनींना जाऊन किती दिवस झाले?" कप्तानाने उठतउठत विचारलं.

"सहा महिने."

कप्तानाने टोपी घातली. दारापर्यंत गेला, वळला, काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण शेवटी एवढंच म्हणाला, "मिश्रण राहू दे. आणि तूही इथे एकटा राहू नकोस." धुक्यात दहा पावलांवर तो दिसेनासा झाला.

दुसरा कोणी असता तर त्याने दुकान बंद करून चार माणसांत जाऊन बसायचं ठरवलं असतं. तंबाखूवाल्याने कडी लावली ती आतून. त्याला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी त्याच्या छातीत दाटून आलं होतं. तो बुटक्या खुर्चीत बसला. डोळे मिटले. साधी व्हर्जिनिया पेटवली आणि सावकाश धूर नाकावाटे सोडला.

काही नाही.

"मी इथेच आहे," तो मोठ्याने म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला ओळखू येईना. "मास्तरांना देतेस, कप्तानाला देतेस. त्या घड्याळवाल्याला देतेस, ज्याला तंबाखूतलं ओ का ठो कळत नाही… मला एकदा. एकदा दे. मी आकडा सांगतो. तू सांगशील तोच सांगतो."

तो थांबला. आकडा येईपर्यंत बोलायचं नसतं, म्हणून थांबला. खिडकीतलं पांढरं धुकं हळूहळू राखाडी झालं. शेवटी तो उठला, पेरीकची बरणी उघडली, आणि नुसतं काळं पेरीक पाइपात ठासून पेटवलं. तिला जे यायचं ते आपल्याला असं तरी यावं म्हणून. तिसऱ्या झुरक्याला डोकं गरगरलं, डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याला कोरडी उलटी झाली. ते नुसतं पेरीक होतं, बरणीतून काढलेलं. त्यात ती नव्हती. तो जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला.

कप्तानाने त्याच संध्याकाळी मुलीला फोन केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती दारात उभी राहिली. आखूड केस, खांद्यावर नेहमीची पिशवी. सहा महिन्यांत ती या दुकानात आली नव्हती. पाइपाचा तर तिला लहानपणापासून तिटकारा.

"कप्तानकाकांनी सांगितलं म्हणून आले," ती आधीच म्हणाली, म्हणजे गैरसमज नको. "दोन दिवस राहीन. दुकान आवरू, मग तुम्ही माझ्याकडे…"

ती मधेच थांबली. तिने नाक वर केलं.

"बाबा, बरणी कुठे उघडी राहिलीय का? आंबट येतंय काहीतरी. आलूबुखाऱ्यासारखं… आणि मिरी."

तंबाखूवाल्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. मास्तरांनी हेच सांगितलं होतं, कप्तानानेही हेच सांगितलं होतं. पण ही त्यांच्यासारखी नव्हती, ही तिच्या पोटची. आईचं नाक हिच्याकडे आलं होतं, आईचे केस, आईची हनुवटी. मग आईचं आणखी काय आलं असेल हिच्याकडे?

"किती?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"शंभरात किती आहे ते सांग. विचार करू नकोस. सांग."

मुलीने डोळे मिटले. दोनदा छोटंसं हुंगलं, मग एकदा लांब. "मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "तीन असेल."

त्याने गल्ल्यावरचा कोट उचलला, तिची पिशवी तिच्याच खांद्यावरून ओढून घेतली, आणि ती काही म्हणायच्या आत तिला फुटपाथवर आणून दाराला कुलूप घातलं.

"अहो बाबा, काय झालं काय?"

"इस्पितळात चल."

"वास आला म्हणून?"

"हो. वास आला म्हणून."

मुलीचा आवाज चढला. "आईला नाही नेलंत. चार महिने ती सांगत होती. आईला नाही नेलंत, आणि मला…"

"म्हणूनच," तो म्हणाला. "म्हणूनच चल. माझ्या तोंडावर थुंक नंतर, पण आत्ता चल."

ती निमूटपणे गाडीत बसली.

इस्पितळ तेच. तोच लांब पॅसेज, तीच फिनेलने पुसलेली फरशी. डॉक्टर तेच मिळावेत म्हणून तो दोन तास दारात उभा राहिला. त्यांनी त्याला ओळखलं नाही, ओळखायचं काही कारणही नव्हतं. मुलीला समोर बसवून ते नेहमीचे प्रश्न विचारायला लागले, तेवढ्यात तंबाखूवाला उभा राहिला.

"सहा महिन्यांपूर्वी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता," तो म्हणाला. "माझ्या बायकोला नसलेले वास यायचे का म्हणून. मी नाही म्हणालो. खोटं बोललो. तिला यायचे. चार महिने यायचे. ती मला आकडा सांगायची आणि मी तिला हसायचो. लोकांनाही हसायला लावलं. ती खरं सांगत होती, डॉक्टर. लिहून ठेवा कुठेतरी. ती खरं सांगत होती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आधी मुलीचं स्कॅन करून घेऊ," आणि चिठ्ठी लिहून दिली.

स्कॅनच्या खोलीबाहेर मुलगी त्याच्या शेजारी बसली. नर्सने तिच्याकडून कानातलं, घड्याळ काढून घेतलं होतं. ते सगळं त्याच्या मुठीत होतं.

"मीही हसले होते," ती अचानक म्हणाली. "आईने फोनवर सांगितलं ना, बाबांनी मला पेन्शनीत काढलं म्हणून. मी हसले. म्हटलं, बरं झालं, आता आराम कर. मलाही कळायला हवं होतं, बाबा. मी तुमच्यावर सगळं ढकललं." त्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला. तिने तो काढला नाही.

स्कॅनला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत तंबाखूवाल्याने काय काय कबूल केलं नसेल! दुकान घे, हात घे, माझं उरलंसुरलं नाक घे, पण हिला राहू दे. कोणाला म्हणत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. बायकोलाच म्हणत असावा. आयुष्यभर अडल्यानडल्याला तो तिच्याकडेच बघत आला होता.

दुपारी डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली, दोनदा बघितली. "काहीही नाही," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ आहे. घरी जा, निवांत झोपा." मुलगी खुर्चीत मागे टेकली आणि तोंडावर हात धरून रडली, हसली, पुन्हा रडली. मग तिनेच तंबाखूवाल्याला धरून बाहेर आणलं.

इस्पितळाच्या मोठ्या काचेच्या दाराबाहेर एक बाक होता. दोघं तिथे टेकली. धुकं ओसरलं होतं, फिकट ऊन पडलं होतं, रुग्णवाहिकेचा चालक चाकावर पाणी मारत होता.

"वास गेला, बाबा," मुलगी म्हणाली. "मगाशी तुम्ही डॉक्टरांशी बोलत होतात ना, तेव्हाच गेला. आता काहीच येत नाहीये."

तंबाखूवाला उत्तर देणार होता. त्याने श्वास आत घेतला आणि तो तिथेच अडकला.

आधी आंबूस. मग त्याच्या मागून गोड, वाळक्या फळाचं. मग नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, हलकेच, मिरी. आजूबाजूला कोणी पाइप ओढत नव्हतं. खिशात पुडी नव्हती. हे दुकानातल्या बरणीतल्या पेरीकसारखं नव्हतंच. काल त्याने ते भरभरून ओढलं होतं, त्याला फरक कळत होता. याला ऊब होती.

"बाबा? काय झालं?"

"तीन," तो म्हणाला.

मुलगी झटकन उभी राहिली आणि तिने त्याच्या कोटाची बाही धरली. "उठा. आत चला. डॉक्टर अजून आहेत आत."

"पाच मिनिटं थांब."

"एक मिनिटसुद्धा नाही. उठा…"

"बस गं जरा. पाच मिनिटं." त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तो हसत होता. सहा महिन्यांत तो पहिल्यांदा असा हसत होता. "पाच झाले आता. बघ, किती भराभर वाढतंय."

मुलगी बसली, पण बाही सोडली नाही. तिने खोल श्वास घेऊन बघितला. फिनेल, पेट्रोल, ओल्या रस्त्याचा वास, बाकी काही नाही. शेजारी बाप डोळे मिटून पुटपुटत होता. आठ… अकरा. आई गेली तेव्हाही आपण वाट बघत बसलो होतो, हे तिच्या मनात आलं, आणि ती पुन्हा उठली. या वेळी तिने त्याला दोन्ही हातांनी ओढलं.

"मी आईला घालवून बसलेय, बाबा. आता तुम्हाला नाही घालवायचं मला. मला कोणी नाहीये दुसरं."

त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आत गेलं तर स्कॅन होईल, काही असेल तर डॉक्टर ते काढून टाकतील, आणि मग हा वास कधीच येणार नाही. काही नसेल तर… काही नसेल तर बायको खरोखरच इथे होती. यातलं कोणतं जास्त कठीण ते त्याला ठरवता येईना. पण समोर मुलगी उभी होती, आणि ती जे सांगत होती ते त्याला या वेळी ऐकायचं होतं. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"बरं," तो म्हणाला. मग मान थोडी डावीकडे वळवून, खांद्यापाशी कोणी असावं तसा, अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "चल. आत जाऊ."

मुलीने बाही घट्ट धरली आणि त्याला दारापाशी नेलं. काचेची दारं आपोआप बाजूला सरली. दोघं आत गेली. मागे दारं मिटायला लागली, अर्ध्यावर येऊन थबकली आणि पुन्हा पूर्ण उघडली. सावकाश चालणारं एखादं माणूस आत यावं, एवढा वेळ ती तशीच उघडी राहिली. मग बंद झाली.